लॉकरमधली सुरी

एका अमेरिकन न्यायाधीशाने निकालपत्रात तारतम्याविषयी, त्याच्या शब्दांत 'कॉमन सेन्स'विषयी, सहानुभूती नोंदवून ठेवली आहे. न्यायाधीशांचं नाव क्लाइड हॅमिल्टन, न्यायालय फोर्थ सर्किट अपील कोर्ट, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालचं फेडरल न्यायालय, साल २००१. खंडपीठाने शाळेच्या बाजूने आणि एका मुलाच्या विरोधात निकाल दिला होता. हॅमिल्टन निकालाशी सहमत होते, पण नुसती सही करून उठणं त्यांना जमलं नाही. या मुलाविषयी, त्याच्या घरच्यांविषयी आणि तारतम्याविषयी सहानुभूती व्यक्त करायची म्हणून मी वेगळं लिहितो आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. तिघेही बहकलेल्या सद्हेतूंचे बळी आहेत, असंही म्हटलं.

प्रकरण असं होतं. ऑक्टोबर १९९९, व्हर्जिनियातली लाउडन काउंटी, मिडल स्कूल. आठवीतल्या १३ वर्षांच्या मुलाला शाळेतली एक मैत्रीण सकाळी सांगते की काल रात्री जीव द्यायचं मनात आलं होतं, मनगट कापून घ्यावंसं वाटलं होतं, आणि सुरी चुकून बाइंडरमध्ये, म्हणजे वह्याकागदांच्या फायलीत, तशीच शाळेत आली आहे. तिने याआधीही असे प्रयत्न केले होते, हे त्याला माहीत होतं. त्याने तिचं बाइंडर घेतलं आणि स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवून दिलं. शाळेत कुणाला काही बोलला नाही. शाळा सुटल्यावर तिच्या आणि आपल्या आईवडिलांना सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाळेला कुणकुण लागली. त्याला बोलावलं, विचारलं, त्याने कबूल केलं. मग डीनबाई त्याला म्हणाल्या, जा, ते बाइंडर घेऊन ये. तो गेला, एकटा. लॉकर उघडला, बाइंडर काढलं, परत आला आणि त्यांच्या हातात दिलं.

निकालपत्रातला कायदा मी एकदाच वाचला. त्या काही मिनिटांपाशी मात्र पुनःपुन्हा येऊन थांबते. हा मुलगा धोकादायक आहे असं त्या ऑफिसात एकालाही खरोखर वाटलं असतं, तर त्याला सुरी आणायला एकट्याला कुणी पाठवलं असतं? मधल्या सुट्टीची वेळ, कॉरिडॉरमध्ये मुलंच मुलं. त्याला पाठवलं, कारण तो कोण आहे हे त्यांना कळलं होतं. मैत्रिणीला वाचवायला धडपडलेला आणि थोडा घाबरलेला एक मुलगा. डीननी पुढे स्वतःच मान्य केलं की त्याने मैत्रिणीच्या भल्यासाठीच हे केलं असं आपल्यालाही वाटतं, आणि त्याच्यापासून कुणाला कधीही धोका नव्हता. म्हणजे तारतम्य त्या खोलीत हजर होतं. तो कॉरिडॉरमधून जाऊन येईपर्यंत ते टिकलंही. बाइंडर टेबलावर आलं, नियमावली उघडली, आणि ते संपलं.

पुढचं सगळं कागदावर झालं. आधी १० दिवसांचं सस्पेन्शन. मग प्रिन्सिपलचं पत्र, सुपरिंटेंडेंटचं पत्र, सुनावणी, वरचं अपील, त्याच्या वरचं अपील. शेवटी १ फेब्रुवारी २००० पर्यंत, म्हणजे उरलेली सगळी टर्म, मुलगा शाळेबाहेर. शाळेच्या हद्दीत शस्त्र जवळ बाळगलं, मुद्दा एवढाच. का, कुणाचं, किती वेळ, हे प्रश्न नियमात नव्हते. न्यायालय म्हणालं की मुलाला नोटीस मिळाली, बाजू मांडायची संधी मिळाली, प्रक्रिया पाळली गेली. शाळेचा निर्णय शहाणपणाचा होता का, दयाळू होता का, हे तपासणं फेडरल न्यायालयाचं काम नाही. कायद्याने यात चूक काढता येत नाही. हॅमिल्टन यांची अडचण तीच होती.

हे सगळं कुठून आलं, तर शाळेतून नाहीच. 'झिरो टॉलरन्स', म्हणजे संदर्भ न बघता सरसकट शिक्षा, हा शब्दप्रयोग १९८० च्या दशकात अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत गाजला. १९८८ मध्ये कस्टम्सने सरसकट धोरण लावलं: सीमेवर अमली पदार्थाचा कण जरी सापडला तरी गाडी किंवा बोट जप्त. वूड्स होल या नामांकित समुद्रविज्ञान संस्थेचं संशोधन जहाजही त्यात अडकलं. एवढी शोभा झाल्यावर कस्टम्सने दोन वर्षांत माघार घेतली. कस्टम्सने टाकलेलं धोरण शाळांनी उचललं, हे मला कायम गमतीचं वाटत आलं आहे. गंमत म्हणजे हसावं की रडावं, त्यातली.

१९९४ मध्ये क्लिंटन यांच्या काळात 'गन-फ्री स्कूल्स ॲक्ट' आला. मुलाने शाळेत बंदूक आणली तर किमान एक वर्ष शाळेबाहेर. राज्यांनी असा कायदा केला नाही तर फेडरल निधी नाही. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. बंदूक ही बंदूक आहे. आणि त्याच कायद्यात एक कलम होतं, जे पुढे सगळे विसरले: प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहून शिक्षा बदलायचा अधिकार स्थानिक शिक्षणप्रमुखाला राहील. झडप मुळातच बसवलेली होती. ती शाळांनी स्वतःच्या हाताने बंद केली. बंदुकीचा नियम सुरीला लावला, सुरीचा सुरीसारख्या दिसणाऱ्या वस्तूला, अमली पदार्थांचा डोकेदुखीच्या गोळीला. मग २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोत कोलंबाइन हायस्कूलमध्ये १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले, आणि देशभरच्या शाळा साप साप म्हणून भुई धोपटायला लागल्या. लाउडनमधली सकाळ त्यानंतर सहा महिन्यांच्या आतली. ती भीती खोटी नव्हती, हे विसरून त्या डीनकडे बोट दाखवणं मला बरोबर वाटत नाही.

पुढच्या काही गोष्टी अनेकांनी बातम्यांत वाचल्या असतील. डेलावेअरमध्ये २००९ साली सहा वर्षांच्या एका मुलाने कब स्काउट्सच्या, म्हणजे लहानग्यांच्या स्काउट पथकाच्या, कॅम्पसाठीचा काटा-चमचा-सुरी एकत्र असलेला जोड डबा खाण्यासाठी आणला. त्याला ४५ दिवस वेगळ्या, सुधारगृहवजा शाळेत धाडायचं ठरलं. देशभर बोभाटा झाला तेव्हा तिथल्या शाळांच्या बोर्डाने बालवाडी आणि पहिलीपुरता नियम सैल केला. दुसरीतल्या मुलाने तो जोड आणला असता तर त्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. मेरीलँडमध्ये २०१३ साली सात वर्षांच्या मुलाने पेस्ट्री कुरतडून तिला पिस्तुलाचा आकार दिला आणि दोन दिवस घरी बसला. शाळेचं म्हणणं होतं की प्रश्न पेस्ट्रीचा नाहीच, आधीची वागणूकही तशी होती. २०१६ मध्ये न्यायाधीशांना ते पटलं. हा भाग बातमीत शेवटच्या ओळीत असतो आणि आपण तिथवर वाचत नाही. फ्लोरिडाने तर २०१४ मध्ये अशा खाऊच्या पिस्तुलांना शिक्षेतून वगळणारा कायदाच केला. खाऊचा आकार हा विधिमंडळाचा विषय व्हावा, ही वेळ का आली असेल?

पण या हसण्यासारख्या गोष्टी. सॅफर्डची गोष्ट वेगळी आहे.

सॅफर्ड, ॲरिझोना, २००३. तेरा वर्षांची मुलगी. तिच्याकडे गोळ्या आहेत, असं दुसऱ्या एका मुलीने सांगितलं. गोळ्या म्हणजे आयबुप्रोफेन, ४०० मिलिग्रॅमची, म्हणजे दुकानातल्या साध्या दोन गोळ्यांएवढी. बॅग तपासली, काही सापडलं नाही. मग नर्सच्या खोलीत नेऊन कपडे उतरवायला लावले. आतले कपडे बाजूला ओढून झटकायला लावले. तिथेही काही सापडलं नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २००९ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी कोर्ट म्हणालं की ही झडती घटनाबाह्य होती. त्याच निकालाने अधिकाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी मात्र टाकली नाही, कारण तेव्हा कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता.

माझी लेक आता त्याच वयाची आहे आणि इथे व्हर्जिनियातच शाळेत जाते. पाळीच्या पहिल्या दिवशी ती पोट धरून बसते. तिची गोळी शाळेत तिच्या दप्तरात असून चालत नाही. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म, मूळ बाटली, मी स्वतः नेऊन नर्सकडे द्यायची. हे मी करते. त्यामागचं कारणही मला समजतं, कारण औषधाच्या गोळ्यांच्या नादाने या देशात काय झालं आहे ते मी पाहते. पण वर्षाच्या सुरुवातीला ती जाडजूड नियमावली वाचून 'आम्ही वाचली, आम्हाला समजली' या ओळीखाली सही करायची वेळ येते, तेव्हा लेक विचारते, "मैत्रिणीचं फारच दुखत असेल आणि माझ्याकडे असेल, तर देऊ नको?" मी म्हणते, देऊ नको, नर्सकडे ने. हे सांगताना माझा आवाज जरा करडा होतो. गोळी देऊ नये हे बरोबरच आहे. मैत्रिणीला कशाची ॲलर्जी आहे ते हिला काय माहीत. पण मी हिला ॲलर्जीची भीती घालत नसते. मी घालते ती सस्पेन्शनची. तिलाही ते कळतं.

आता इथे माझी पंचाईत होते, आणि ती टाळून हा विषय लिहिणं म्हणजे लबाडी होईल. नियम बाजूला ठेवा, माणसांना डोकं वापरू द्या, असं म्हणणं सोपं आहे. कुणाचं डोकं?

टेक्सासमध्ये सुमारे १० लाख मुलांच्या नोंदी सातवीपासून बारावीपर्यंत तपासल्या गेल्या. २०११ मध्ये अहवाल आला. जवळजवळ ६० टक्के मुलं एकदा तरी सस्पेंड झाली होती किंवा काढली गेली होती. कायद्याने शिक्षा करणं भागच होतं, अशा कारवाया त्यात फक्त ३ टक्के. बाकी सगळ्या शाळेच्या मर्जीच्या. आणि या मर्जीच्या शिक्षा एकदा तरी झालेल्या मुलग्यांचं प्रमाण काळ्यांमध्ये ८३ टक्के, गोऱ्यांमध्ये ५९. केंद्राच्या २०११-१२ च्या आकडेवारीत तर बालवाडीतल्या मुलांमध्ये काळी मुलं १८ टक्के, आणि एकाहून जास्त वेळा सस्पेंड झालेल्यांमध्ये ४८. बालवाडी! चार वर्षांचं पोर 'उद्धट' आहे की 'हुशार आणि खट्याळ', हे ठरवताना बाईंचं तारतम्य पोराच्या कातडीचा रंग बघत होतं. सरसकट नियमाची भुरळ पडण्यामागे हेही एक कारण होतं. नियमाला रंग दिसत नाही, डॉक्टरांचं पोर आणि झाडूवाल्याचं पोर त्याला सारखंच, असं शिक्षक म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. ते तसं झालं नाही, कारण नियम लावायचा की नाही हे आधी माणूसच ठरवतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या टास्क फोर्सने २००६ मध्ये तोवरचं संशोधन तपासलं. झिरो टॉलरन्समुळे शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि भेदभाव कमी झाल्याचाही नाही.

मोकळीक दिल्यावर काय होऊ शकतं, त्याचीही नावं आहेत. ऑक्सफर्ड, मिशिगन, नोव्हेंबर २०२१. एका मुलाने कागदावर पिस्तूल आणि रक्त काढलं, शिक्षिकेने पाहिलं, काउन्सेलरने आईवडिलांना बोलावलं, ते त्याला घरी न्यायला तयार झाले नाहीत. त्याला वर्गात परत पाठवलं. बॅग कुणी उघडली नाही. बॅगेत पिस्तूल होतं, आणि चार विद्यार्थी मेले. आणि आमच्याच व्हर्जिनियात, न्यूपोर्ट न्यूजमध्ये, जानेवारी २०२३ मध्ये सहा वर्षांच्या मुलाने आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. त्याच्याकडे बंदूक असावी असं त्या दिवशी शाळेतल्या माणसांनी आधीच बोलून दाखवलं होतं. तिथे 'नियमच तसा आहे' म्हणून तडक झडती घेणारा एखादा रुक्ष कारकून हवा होता, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

मग? लाउडनचा मुलगा आणि ऑक्सफर्डचा मुलगा शेजारी ठेवून मी बराच विचार केला, आणि मला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. दोन्ही ठिकाणी मोठ्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. एकीकडे उत्तर समोर असूनही नियमाने विचारू दिलं नाही, दुसरीकडे विचारायला मोकळीक असून कुणी विचारलं नाही. सरसकट नियमाचा खरा फायदा सुरक्षितता नाहीच. फायदा हा की 'माझ्या हातात काही नाही' असं म्हणता येतं. प्रिन्सिपलला वकिलाची भीती, बोर्डाला टीव्हीची भीती, आणि आम्हा पालकांना दुसऱ्यांच्या पोरांची. आम्ही तरी काय कमी आहोत? आमच्या पालकांच्या ग्रुपवर कुणाच्या दप्तरात काही सापडल्याची अफवा आली की 'काढून टाका' म्हणणाऱ्यांत पहिले मेसेज तासाभरात येतात, आणि आपल्या पोराची पाळी आली की 'संदर्भ बघा' म्हणणारेही तेच.

ज्यांनी शाळेतल्या हल्ल्यांचा खरोखर अभ्यास केला, त्यांना यादी आणि शिक्षा यांत फारसं काही सापडलं नाही. सीक्रेट सर्व्हिस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारी यंत्रणा, आणि शिक्षण खात्याने मिळून ३७ हल्ले तपासले. २००२ च्या त्यांच्या अहवालात एक आकडा आहे: ८१ टक्के प्रकरणांत हल्लेखोराच्या मनात काय आहे हे निदान एका माणसाला आधी माहीत होतं. आणि ते माणूस बहुतेक वेळा मोठं नव्हतं. मित्र, भाऊ, वर्गातलं कुणी. म्हणजे शाळेचा सगळ्यात चांगला पहारेकरी मेटल डिटेक्टर नाही, तर शेजारच्या बाकावरचं पोर. त्याने तोंड उघडलं पाहिजे. ते उघडेल का, हे शाळेतलं वातावरण कसं आहे यावर ठरतं, असं त्यांच्याच २००८ च्या पुढच्या अभ्यासात आलं.

आता त्या लाउडनच्या शाळेतल्या बाकीच्या मुलांचा विचार करा. त्यांनी काय पाहिलं? मैत्रिणीजवळची सुरी काढून घेणारा फेब्रुवारीपर्यंत दिसला नाही. त्याने शाळेतल्या मोठ्यांना लगेच सांगायला हवं होतं, हे खरं आहे आणि शाळेने ते त्याला खडसावून सांगायला हवं होतं. पण जवळजवळ चार महिने बाहेर बसवल्याने बाकीची मुलं 'पुढच्या वेळी मोठ्यांना सांगू' हे शिकली असतील, असं मला वाटत नाही. ती शिकली असतील की असल्या भानगडीत पडायचं नाही. ज्या एका गोष्टीवर सुरक्षितता उभी आहे, नेमकी तीच या नियमाने महाग करून ठेवली.

व्हर्जिनियाच्याच विद्यापीठात ड्यूई कॉर्नेल यांनी २००० नंतर दुसरी वाट आखली. मुलाने धमकीसारखं काही बोललं की छोटा गट बसतो: शाळेतलं प्रशासन, काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ, पोलीस अधिकारी. पहिला प्रश्न हा की हे रागाच्या भरात उडालेलं वाक्य आहे की त्यामागे खरंच काही बेत आहे. पहिलं असेल तर बोलून, माफी मागून, मिटवून संपवायचं. दुसरं असेल तर घर, हत्यारं, मनःस्थिती सगळं बघायचं. २०१३ पासून व्हर्जिनियातल्या सरकारी शाळांना असे गट ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. यात चमत्कार काही नाही. न्यूपोर्ट न्यूज याच राज्यात आहे. गट असणं आणि गटाने बसणं यांत फरक असतोच. पण निदान 'का' हा प्रश्न फॉर्मवर छापलेला आहे, आणि सरकारी यंत्रणेत जे फॉर्मवर छापलेलं नसतं ते अस्तित्वात नसतं, हे मी या देशात आल्यावर लवकर शिकले.

वॉशिंग्टनमध्ये मात्र लंबक हलत राहतो. २०१४ मध्ये ओबामा सरकारने शाळांना लिहिलं की सस्पेन्शन जपून वापरा, आणि त्यात वंशभेद होत नाही ना ते पाहा. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर, २०१८ च्या डिसेंबरमध्ये ट्रम्प सरकारने ते पत्र मागे घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचा नवा आदेश आला, शाळांच्या शिस्तीत कॉमन सेन्स परत आणण्याचा. आदेशाच्या नावातच तो आहे. हॅमिल्टन यांनी ज्याच्यासाठी सहानुभूती लिहिली तोच कॉमन सेन्स आता कडक शिस्तवाल्यांच्या झेंड्यावर आहे. दोन्ही पक्ष शपथ त्याचीच घेतात.

या वर्षीची सही झाल्यावर मी लेकीला लाउडनची गोष्ट सांगितली. नावगाव न सांगता, फक्त बाइंडर आणि लॉकर. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मी जाऊन सांगितलं, तर तिला काढतील?" मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून मी शाळेतल्या काउन्सेलरला फोन केला. बाई चांगल्या आहेत. फिरवाफिरवी केली नाही. आधी ती मुलगी सुरक्षित आहे का ते बघतो, म्हणाल्या. मग घरच्यांना बोलावतो, गट बसतो. शिस्तीचा भाग त्यानंतर. "पण येतो?" मी विचारलं. "येतो. सुरी असेल तर येतोच. पण आता आम्ही बघतो तरी."

मी लेकीला जसंच्या तसं सांगितलं. तिने थोडा हिशेब केला आणि म्हणाली, "मग मी आधी तुला सांगेन. तू ठरव."

त्यांच्या शाळेत फोन पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बंद ठेवायचा नियम आहे. म्हणजे 'आधी' म्हणजे शाळा सुटल्यावर.